गोधडीचा हिशोब

दुपारची वेळ आहे. जेवणे उरकली आहेत. भांडी घासून झाली आहेत. चैत्राचे ऊन मी म्हणते आहे. अशा वेळी गावातल्या कुठल्याही आळीत जा. ओट्यावर, देवळाच्या पडवीत, नाहीतर चिंचेच्या सावलीत दोन-चार बाया बसलेल्या दिसतील. मध्ये गोधडी पसरलेली असते. हातात सुई असते आणि तोंडाने गप्पा चालू असतात.

अशाच एका ओट्यावर मागच्या उन्हाळ्यात एक हकीगत घडली. तिथून आपण सुरुवात करू.

पुण्याच्या एक बाई गावात पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी आपली दोन जुनी लुगडी एका मावशींना दिली आणि गोधडी शिवून मागितली. आठ-दहा दिवसांनी गोधडी तयार झाली. बाईंना ती फार आवडली. त्यांनी विचारले,

“मावशी, किती द्यायचे?”

“द्या की तुमास्नी वाटंल त्ये. कापड तर तुमचंच हाय. म्या दुपारची नुसती बसून शिवली. त्यात काय मोजायचं?”

बाईंनी तीनशे रुपये दिले. मावशींनी ते डोळ्याला लावले आणि कनवटीला खोचले. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांना दर ठाऊक नव्हता. पण खरी गोष्ट अशी, की तो मावशींनाही ठाऊक नव्हता.

रात्री मावशींच्या सुनेने विचारले, “आत्याबाई, किती तास बसलात त्या गोधडीवर?”

मावशी म्हणाल्या, “अगं, तास कुणी मोजल्यात?”

तर मंडळी, आज आपण ते तास मोजू. पण त्याआधी गोधडी म्हणजे काय, ते नीट पाहू. रोज अंगावर घेतो ती वस्तू आपण कधी निरखून पाहत नाही.

गोधडीला कुठे वाकळ म्हणतात. चार पदरी असेल तर चौघडी म्हणतात. तान्ह्या बाळाचे असते ते दुपटे. संस्कृतात याच वस्तूला कंथा असे नाव आहे. बंगालात तिला अजून कांथाच म्हणतात. कर्नाटकात हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज फार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्यांच्या बाया गोधडीला कवंदी म्हणतात. त्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात आणि त्या घड्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी-बोडकी वाटते.

म्हणजे जिथे जुने कापड आहे आणि थंडी आहे, तिथे गोधडी आहे. काहीजणांना गोधडीची लाज वाटते. पाहुणे आले की ती उचलून आत टाकतात आणि बाजारचे ब्लँकेट काढतात. गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गावोगाव फिरत. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांना तिची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

आता कापडाचा हिशोब पाहा. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार. एका वारात तीन फूट. म्हणजे लुगड्याची लांबी झाली २७ फूट. त्याच्या चार सारख्या घड्या केल्या, की एक घडी पावणेसात फुटांची होते. उंच माणसाच्या पायांवरूनसुद्धा पांघरूण पुरते. रुंदीला लुगड्याचा पन्हा असतोच. एका लुगड्यात असे चार पदर बसतात. हे गणित कोणा शाळामास्तराने शिकवले नव्हते. आपल्या आज्या-पणज्यांना ते हाताने ठाऊक होते.

सहावारी पातळ १८ फुटांचे. त्याच्या तीन घड्या होतात, सहा-सहा फुटांच्या.

कापड मात्र सुती हवे. ते धुऊन धुऊन मऊ झालेले असले तर फारच चांगले. आता नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या घरोघरी आल्या आहेत. त्यांची गोधडी चकचकीत दिसते, पण अंगावरून घसरते आणि घाम शोषत नाही. तशी साडी वापरायचीच असेल तर मधल्या पदरांत घाला. अंगाला लागतो तो पदर सुतीच ठेवा.

शिवायची रीत अशी. आधी सगळी कापडे धुऊन कडक उन्हात वाळवायची. कुजलेला भाग कापून टाकायचा. खालचा मोठा तुकडा जमिनीवर पसरायचा आणि कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मधे धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे एकसारखे लावायचे. कुठे जाड, कुठे पातळ होता कामा नये. वरून चांगला तुकडा घालायचा. लुगड्याचे काठ चारी बाजूंनी लावले, की गोधडीला शोभा येते आणि कडाही लवकर फाटत नाहीत. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र बांधायचे. हे काम एकटीने होत नाही. एकीने ताणून धरावे लागते, दुसरीने टाके घालावे लागतात.

त्यानंतर खरी शिलाई. तिला धावदोरा म्हणतात. बऱ्याच ठिकाणी बाया कडेपासून सुरुवात करतात. एक फेरी पुरी झाली की तिच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. असे चौकोनात चौकोन करत मध्यावर येतात. डावा हात सारखा कापडावर फिरत असतो. सुरकुती दिसली की ती आत सरकवायची. हात चुकला तर मध्यावर कापडाचा फुगा येतो आणि तो काही केल्या बसत नाही. कुठे कुठे शेवटचा टाका घालण्याआधी आत भाकरीचा लहानसा तुकडा ठेवण्याची रीत आहे. गोधडीचे पोट रिकामे राहू नये, अशी त्यामागची समजूत आहे.

गोधडीत ऊब कुठून येते? पुष्कळांना वाटते, की कापडच गरम असते. तसे नाही. गोधडी रात्रभर खुंटीवर टांगा आणि पहाटे हात लावून पाहा. ती गारच लागेल. ऊब आपल्या अंगात असते. गोधडीच्या दोन पदरांमध्ये हवा कोंडलेली असते. कोंडलेली हवा अंगातली ऊब लवकर बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा चार पातळ पदर जास्त ऊब राखतात. टाके फार दाट घातले तर पदर एकमेकांना चिकटतात आणि हवेला जागा उरत नाही. टाके फार विरळ घातले तर धुताना आतले तुकडे गोळा होतात. अर्ध्या इंचाचे अंतर बरे पडते. गोधडी भिजलेली किंवा मळून तेलकट झालेली असेल, तर तिच्यातली हवेची जागा भरून जाते. म्हणून ती धुवावी आणि उन्हात टाकावी. घट बसण्याआधी गावोगाव बाया नदीवर गोधड्या धुतात, ती चाल फार शहाणपणाची आहे.

आता मावशींच्या गोधडीकडे येऊ. पाटी-पेन्सिल जवळ घ्या.

मावशींची गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद होती. म्हणजे ७२ इंच लांब, ४८ इंच रुंद. दोन ओळींमध्ये अर्धा इंच अंतर. सगळ्या फेऱ्यांचा दोरा सरळ एका रेषेत मांडला, तर त्याची लांबी भरते ५७६ फूट. चावडीपासून ओढ्यापर्यंत जाईल एवढी!

एक टाका अर्ध्या इंचाचा धरा. एका फुटात २४ टाके. मग ५७६ ला २४ ने गुणा. उत्तर येते १३,८२४.

एका गोधडीत पावणेचौदा हजारांवर टाके! आणि प्रत्येक टाका चार-पाच पदरांतून ओढून काढलेला. मिनिटाला दहा टाके धरले, तर १,३८२ मिनिटे लागतात. म्हणजे २३ तास. कापड धुणे, बेतणे, थर लावणे, कच्चे टाके घालणे यांचे आणखी पाच तास धरू. एकूण २८ तास झाले.

शेतावर खुरपणीला गेले तर आठ तासांचा दिवस धरतात. २८ तास म्हणजे साडेतीन दिवस. समजा, तुमच्या गावात खुरपणीची मजुरी ३०० रुपये आहे. तर साडेतीन दिवसांचे झाले १,०५० रुपये. दोरा आणि सुया यांचे ५० रुपये धरा. एकूण १,१०० रुपये. मजुरी गावोगाव वेगळी असते. तुम्ही आपल्या गावचा आकडा घाला आणि पुन्हा करून पाहा.

मावशींना मिळाले ३००. त्यातून दोऱ्याचे ५० गेले. राहिले २५०. त्याला २८ ने भागले, तर तासाला नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. सुनेने हा आकडा वाचून दाखवला, तेव्हा मावशी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आगं बया! खुरपाय गेल्ये असते तर बरं झालं असतं.”

तुम्ही म्हणाल, पण गिऱ्हाईक अकराशे रुपये देईल का? एकट्या बाईने मागितले तर बहुधा देणार नाही. ते शेजारणीकडे जाईल. शेजारीण म्हणेल, “मला आठशेच द्या.” तिसरी म्हणेल, “पाचशे.” असे भाव खाली उतरत जातात. पण दहाजणी एका ठिकाणी बसून दर ठरवतील, तर गोष्ट निराळी होते.

अशी एक गोष्ट खरोखर घडलेली आहे. ती दूरदेशीची आहे, पण त्या बाया तुमच्या-आमच्यासारख्याच गोधड्या शिवणाऱ्या.

अमेरिकेत अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथे एक नदी मोठे वळण घेते. त्या वळणाच्या पोटात जीज बेंड नावाचे गाव आहे. तिथले लोक काळ्या वर्णाचे. त्यांच्या पूर्वजांना गुलाम करून आफ्रिकेतून नेले होते आणि कापसाच्या शेतात राबवले होते. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. गरिबी मात्र संपली नाही. लाकडी घरांच्या फटींतून गार वारा आत येई. मग बाया फाटक्या कपड्यांच्या आणि पिठाच्या पोत्यांच्या गोधड्या शिवत. नवऱ्याच्या झिजलेल्या विजारीचे गुडघे जिथे फिके पडले असतील, ते तुकडेसुद्धा त्या जोडत.

या लोकांना मत देण्याचा हक्क कागदावर होता. पण यादीत नाव घालायला गेले, की लिहिण्या-वाचण्याची परीक्षा घेत आणि काळ्या माणसाला नापास करत. नाव नोंदवायचे ठिकाण नदीपलीकडे होते. १९६२ मध्ये नदीवरची नाव बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६५ मध्ये मोठी चळवळ झाली. नवा कायदा आला आणि ती परीक्षा बंद झाली. पण ज्यांनी यादीत नावे घातली, त्यांतल्या कित्येकांचे काम गेले, कित्येकांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक पाद्री त्या भागातून मोटारीने चालले होते. त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. हा माल शहरात विकता येईल, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी बायांना एका गोधडीचे दहा डॉलर दिले आणि त्या गोधड्या न्यूयॉर्क शहरात लिलावाला नेल्या. १९६६ च्या मार्च महिन्यात बायांनी आपला संघ काढला. त्याचे नाव ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य. बी म्हणजे मधमाशी. पुष्कळ जणींनी मिळून कामाला बसणे, यालाही तिकडे बी म्हणतात. नाव मोठे गोड आहे!

एस्टेल विदरस्पून या बाईंनी पुष्कळ वर्षे संघाचा कारभार पाहिला. संघाने जमीन घेतली. १९६९ मध्ये तिच्यावर शिवणाची इमारत उभी राहिली. मत दिल्याबद्दल घराबाहेर काढलेल्या काही कुटुंबांना त्याच जमिनीतले तुकडे घरे बांधायला दिले. सुईच्या टोकावर घर उभे राहिले म्हणायचे. १९७२ मध्ये एका मोठ्या दुकानदार कंपनीने उशांचे अभ्रे शिवायचे काम दिले. बायांच्या हाती नेमाने पगार येऊ लागला.

पण सगळेच गोड नव्हते. शहरातल्या दुकानांना एकसारखा माल हवा असे. दहा गोधड्या मागितल्या तर दहाही एकाच नमुन्याच्या. ज्यांना आपल्या मनाने तुकडे जोडायची सवय, त्यांचा त्यात जीव रमेना. काहीजणी संघासाठी नमुन्याप्रमाणे शिवत आणि घरी आपल्या मनासारख्या शिवत. या घरच्या मनासारख्या गोधड्याच पुढे नावाजल्या. २००२ मध्ये त्या मोठ्या संग्रहालयांत चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ मध्ये सरकारने त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर छापली. नाव झाले, पैसाही फिरू लागला. मग त्यातला किती आपल्या वाट्याला आला, असा प्रश्न काही बायांना पडला. २००७ मध्ये त्या कोर्टात गेल्या. २००८ मध्ये ते दावे आपसात मिटले. संघातल्या म्हाताऱ्या बाया कमी होत गेल्या आणि २०१२ मध्ये संघ बंद झाला. तरी ४६ वर्षे तो चालला, हे काही थोडे नाही.

आता पुन्हा आपल्या ओट्यावर या. त्या मावशी आणि आळीतल्या आणखी नऊजणी अशा दहाजणींनी गोधडीचे मंडळ काढले आहे. आपल्याकडे बचत गट गावोगाव आहेतच. ज्या बाया पैसे एका पेटीत टाकतात, त्या सुयाही एका ठिकाणी आणू शकतात. त्यांनी वर्षाचे काम कसे आखले, ते ऐकण्यासारखे आहे.

संक्रांतीला हळदीकुंकू होते. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या लुटतात. या वेळी त्यांनी ठरवले, की येताना प्रत्येकीने घरातले एक जुने सुती लुगडे आणायचे. ते मंडळाचे कापड. एका म्हातारीने नवऱ्याचे धोतर आणायचे कबूल केले आहे. त्याची मात्र विकायची गोधडी करू नका, असे तिने बजावले आहे.

माघात कापड धुऊन, वाळवून, बेतून ठेवायचे. फाल्गुन, चैत्र आणि वैशाख हे शिवणाचे महिने. रोज दुपारी दोन ते पाच, देवळाच्या पडवीत. मृग लागला की काम बंद. पेरणीपुढे गोधडी नाही. श्रावणात पाऊस असतो आणि मोठी गोधडी वाळत नाही. तेव्हा नुसती दुपटी शिवायची. बारशाला दुपटे कोणीही घेते. भाद्रपदात, घट बसायच्या आधी, सगळ्यांनी मिळून नदीवर गोधड्या धुवायच्या. जुन्या गोधड्यांची उसवण त्याच दिवशी पाहून घ्यायची. दिवाळीनंतर थंडी पडते आणि तेव्हाच गिऱ्हाईक येते. त्या दिवसांत गावची जत्रा आहे, तिथे एक पाल लावायचे. बचत गटांच्या मालासाठी ‘सरस’ नावाची प्रदर्शने भरतात. तिथे जागा मिळते का, ते पंचायतीत विचारायचे. हे काम मावशींच्या सुनेकडे आहे.

मंडळाने एक वही घातली आहे. वहीत प्रत्येक गोधडीला एक पान. पानावर चार रकाने: तारीख, नाव, किती तास बसली, किती दोरा घेतला. गोधडी विकली की तासांप्रमाणे वाटणी. दहातला एक रुपया पेटीत. कोणाचे टाके उसवले, तर तिने ते फुकट भरून द्यायचे. गिऱ्हाइकाचा कागद आला तर आधी एकीने मोठ्याने वाचायचा, मग सही करायची. घरच्या पोराबाळांसाठी जी गोधडी शिवायची, तिची नोंद वहीत नाही.

नियम करताना भांडणेही झाली. एक बाई म्हणाली, “म्या झपाझप शिवते, माझं तास कमी भरत्यात. मंग सावकाश शिवणारीला जादा पैसं का?” बोलणे खरे होते. शेवटी ठरले, की तासांऐवजी फेऱ्या मोजायच्या. पण बाहेरच्या फेऱ्या लांब आणि आतल्या आखूड. म्हणून आता टेप घेऊन फूट मोजतात. पाचशे शहात्तर फुटांत कोणाचे किती, ते वहीत लिहितात. तासांचा रकाना खोडून तिथे ‘फूट’ असे लिहिले आहे.

वहीच्या पहिल्या पानावर मावशींचे अक्षर आहे. वर्गात शिकलेले, मोठे आणि जरा वाकडे. ‘गोधडी १. लांबी ६ फूट. रुंदी ४ फूट. दर ११०० रु.’ दुरुस्तीला कोणी हात लावलेला नाही.

मधल्या चहाचे पैसे पेटीतून द्यायचे, की ज्याच्या ओट्यावर बसू त्याने द्यायचे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.